पोकळीचा पीळ शोधत खानदेशात

जळगावला लोक सोने घ्यायला जातात, लग्नाला जातात, नाहीतर अजिंठ्याच्या वाटेवर तासभर थांबतात. मी गेले ते सात दगडी चकत्यांपैकी तीन उलट्या बाजूला का वळवतात, हे विचारायला. प्रवासाचे हे कारण मी गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि आपला डबा उघडून पुढे केला.

कारण थोडे सविस्तर सांगायला हवे. पूर्ण निर्वात पोकळीही खऱ्या अर्थाने रिकामी नसते. तिच्यात विद्युतचुंबकीय क्षेत्राचे अतिसूक्ष्म चढउतार अखंड चालू असतात. दोन पृष्ठभाग केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके जवळ आणले, की या चढउतारांमुळे ते एकमेकांना ओढू लागतात. आणि ते पदार्थ लाकडासारखे असतील, म्हणजे रेषेच्या दिशेने एक वागणूक आणि आडव्या दिशेने दुसरी, तर ते एकमेकांना फिरवूही पाहतात. हा पीळ विलक्षण क्षीण असतो. तो मोजणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कॅल्साइट या स्फटिकाची पातळ चकती घ्यायची, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा आणि त्यावर मोबाइलच्या पडद्यात असतो तसला द्रवस्फटिक पसरायचा. मधल्या थरापलीकडून, स्पर्श न करता, चकतीने द्रवस्फटिकाला किती वळवले, हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजायचे.

वळण मिळाले होते. थर जाड केला की ते कमी होई, सिद्धान्त सांगतो तसेच. अडचण एवढीच, की चार चकत्या द्रवस्फटिकाला उजवीकडे वळवत आणि तीन डावीकडे. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच कोनात बसवलेल्या. शोधनिबंधाचा मसुदा तयार होता आणि परदेशातला एक गट नेमक्या याच मोजमापामागे लागला होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अक्षाच्या खुणा चुकल्या असतील. पुरवठादाराकडून खात्री करून घे. सोमवारी आपण निबंध पाठवतोय." चकत्या जळगावहून आल्या होत्या. सात चकत्या, प्रकाशाचे ध्रुवण (पोलरायझेशन) तपासायच्या दोन पट्ट्या आणि काचेच्या साध्या पट्ट्यांचे एक पाकीट घेऊन मी गुरुवारी पुण्याहून निघाले.

पिंप्राळा, शुक्रवार

पुरवठादार म्हणजे मी कार्यालय, पाटी, निदान एखादा संगणक अशी कल्पना केली होती. रिक्षावाल्याने मला जळगावच्या पिंप्राळा भागातल्या एका कॉलनीत, पेरूच्या झाडाखाली लावलेल्या स्कूटरजवळ उतरवले. सगळे ज्यांना नाना म्हणतात ते गृहस्थ दारातच उभे होते. वरणगावच्या कारखान्यात लेथवर उभी हयात गेली; निवृत्तीनंतर खाणीतले स्फटिक जमवण्याचा छंद जडला आणि त्याचाच व्यवसाय झाला. बैठकीच्या काचेच्या कपाटात इतर घरांत करंडक ठेवतात तसे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिकांचे गुच्छ मांडलेले होते.

"पुण्याहून एवढ्याकरता आल्या तुम्ही? फोन करायचा ना ताई."

"फोनवर तपासता आलं नसतं. खाचा बघायच्या आहेत."

"बघू. आधी केळं खा."

पुण्यात पाहुण्याला 'काही घेणार का' असे विचारतात आणि नाही म्हणायची सोय ठेवतात. इथे आधी हातात केळे येते, मग प्रश्न. केळे संपेपर्यंत नानांनी चकत्या जुन्या मखमलीवर मांडल्या. प्रत्येक चकतीच्या कडेला एक बारीक खाच असते. स्फटिकाचा अक्ष त्या दिशेला आहे, असा तिचा अर्थ. ही खाच चुकून काटकोनात पडली, तर माझे वळण बरोबर उलटे दिसेल. माझा पहिला संशय तोच होता आणि तो मला फार आवडला होता, कारण त्यात दोष दुसऱ्याचा होता.

ध्रुवणपट्ट्यांमध्ये एकेक चकती धरून आम्ही तपासली. सातही खाचा अचूक निघाल्या.

"लेथवर तीस वर्षं काढली ताई," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला अधिक ओशाळल्यासारखे झाले.

भरपाई म्हणून मी त्यांना प्रयोग आणि सोमवारी पाठवायचा निबंध समजावून सांगू लागले. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "म्हणजे केळीसारखं," ते म्हणाले. "पिकलेला घड कच्च्याजवळ ठेवला, की न शिवता त्याला पिकवतो."

"तिथे मध्ये वायू असतो, नाना. इथे काहीच नसतं."

"काहीच नसतं, तर मग फिरवतं कोण?"

"ते काहीच नसणं."

नानांनी हातातली चकती मखमलीवर ठेवली. "ताई, सोमवारी तुम्ही हेच लिहून पाठवणार?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हो असेच होते. पण ते देण्याऐवजी मी चकत्या पिशवीत भरू लागले. संध्याकाळी ते मला मेहरूण तलावावर घेऊन गेले. जाताना स्कूटर पंक्चर झाली आणि उरलेली वाट आम्ही ती ढकलत काढली. काठाशी पाण्यावर बदके होती. मी मात्र दुसरा संशय रचत होते: खाचा बरोबर असतील, तर दगडच दोन प्रकारचे असतील.

खाण, शनिवार

नाना मला ज्या खाणीवर घेऊन गेले, ती काळ्या खडकाची खाण भुसावळच्या पुढे होती. लाव्हा थंड होताना खडकात पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे लाखो वर्षे स्फटिक वाढले. खडी फोडणाऱ्यांच्या दृष्टीने या पोकळ्या म्हणजे खोट, नानांच्या दृष्टीने कपाट. खाणीवर सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते गृहस्थ ठेंगणे, चपळ आणि सतत हसणारे होते. त्यांनी मला खडकातले एक भोक दाखवले. मी आत वाकून पाहिले. एक माणूस बसू शकेल एवढी जागा, आणि आतून सगळीकडे अर्धवट तुटलेले, चमकणारे कोपरे.

"तुमचा बठ्ठा माल ह्या एका भोकातला शे," भाऊ म्हणाले. "सात चकत्या ना? दोन दगडांच्या. शेजारी शेजारी होते. भाऊभाऊच म्हणा."

"नक्की?"

"नानांनी दोन दिवस आत बसून काढले ते. मी बाहेरून चहा देत होतो."

त्यांनी खिशातून एक तिरका, पारदर्शक तुकडा काढून माझ्या वहीवर ठेवला. खाली लिहिलेला प्रत्येक शब्द दोनदा दिसू लागला. कॅल्साइट प्रकाशाचे दोन भाग करतो, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवले आहे. तरी माझाच 'निष्कर्ष' हा शब्द मला एकावर एक असा दोनदा दिसला, तेव्हा मी वही मिटून टाकली.

दुपारी शेजारच्या शेतात भरीत झाले. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांवर हिरवी, लांबट वांगी काळी होईपर्यंत भाजली. मग सोलून लाकडी पात्रात हिरव्या मिरचीबरोबर ठेचली. आमच्याकडे भरितात कांदा-टोमॅटो घालून वांग्याची ओळख पुसली जाते. इथे वांगे वांगेच राहते आणि मिरची मिरचीच. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मी पहिला घास उत्साहाने मोठा घेतला. त्याच क्षणी एका शेतकरीदादांनी विचारले, "मग ताई, तुमचा शोध काय शे?" पुढची दोन मिनिटे मला बोलता आले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते. माझ्या शोधाचे इतके चोख वर्णन मी त्यानंतरही करू शकलेले नाही.

खाचा बरोबर, दगड एकाच पोकळीतले. मी वहीत दोन्ही संशयांवर काट मारली. उरलेल्या जागेत काय लिहावे हे सुचेना.

"दगड इथून गेल्यावर कुठे जातो?" मी नानांना विचारले.

"माझ्याकडे खुणा आणि कापणी. मग धुळ्याला बहिणीकडे. झिलई ती करते. तिच्याकडून सरळ तुम्हाला."

हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते, हे अधिक खरे.

धुळ्याच्या पुढे, रविवार

एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळे गाठले. स्थानकाजवळ शेवभाजी खाल्ली, वर तरंगणाऱ्या तेलाला या वेळी योग्य तो मान दिला, आणि साक्रीच्या रस्त्याने आणखी पाऊण तास गेल्यावर नानांच्या बहिणीचे गाव आले. तिला गावात अक्का म्हणतात. शेत घराला लागूनच. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती आणि ओसरीवर पांढऱ्या बोंडांचा कमरेएवढा ढीग पडला होता. एका कोपऱ्यात नानांनी बसवून दिलेले फिरते चाक, पाण्याची घमेली, पांढऱ्या भुकटीचे डबे. चाकावर अक्कांची धाकटी जाऊ सुमन बसली होती.

"ये माय, बस. जेवीसन उनी का?" अक्का म्हणाल्या.

जेवून आले, असे मी सांगितले. ते कोणी ऐकले नाही.

जेवण उरकल्यावर मी त्यांना काम दाखवायची विनंती केली. चकती चाकावर भुकटीच्या पाण्यात गोल गोल घासली जाते; ते योग्यच होते. नंतर ती थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवली जाते, तेही योग्य. मग अक्कांनी एक चकती पाण्यातून काढली, खाच आपल्याकडे करून डाव्या हाताच्या बोटांत धरली, ढिगातल्या बोंडाचा कापूस ओढून घेतला आणि चकती पुसली. स्वतःपासून दूर, तिरकस, एकाच दिशेने, वीस-पंचवीस वेळा. तोंडाजवळ नेऊन तिच्यावर श्वास सोडला, पाहिले, पुन्हा तितकेच हात मारले.

"अक्का," मी म्हणाले, "मी नानांना लेखी कळवलं होतं. पाण्यातून काढल्यावर पृष्ठभागाला काही लावू नका, म्हणून."

"नाना सांगे तसं. पण पुसाबिगर माल घरना बाहेर जास नई." त्या हसल्या. "आंघोय नई करी आनि पोरले कोनी लगीनमा लई जास का?"

मला काय झाले ते वाचकांना कळावे म्हणून सांगते. मोबाइलचे पडदे बनवताना द्रवस्फटिकाचे रेणू एका ओळीत उभे करायचे असतात. त्यासाठी काचेवरचा थर मऊ कापडाने एकाच दिशेने घासतात. बाकी काही नाही. त्या न दिसणाऱ्या ओरखड्यांच्या रेषेत रेणू निमूटपणे ओळ धरतात. कॅल्साइट तर नखापेक्षा जेमतेमच टणक. ओसरीवरच्या त्या कापसात शेतातली धूळ होती, आणि आम्ही प्रयोगशाळेत चकती कितीही धुतली, तरी ओरखडा धुतला जात नाही. वरचा थर जाड झाला की ओरखडे बुजत जातात आणि वळण कमी होते, अगदी पोकळीच्या पिळासारखेच.

पण मग उजवे-डावे का? तेवढ्यात सुमननेही एक चकती उचलली. खाच आपल्याकडे धरली आणि पुसू लागली. डाव्या हाताने.

"सुमन डावखुरी शे," अक्का म्हणाल्या. "लगीन व्हयनं तवय पहिल्याच दिवशी बठ्ठा हासनात. डाव्या हातानी भाकर थापे."

"आते कोनी हासत नई," सुमन मान वर न करता म्हणाली. "मनी भाकर गोल व्हस, तुमनी नई."

मी दोघींच्या चकत्या मागून घेतल्या. हवा थंड होती. अक्कांच्या चकतीवर श्वास सोडला. धुके उमटले आणि विरताना त्यात बारीक रेषा दिसल्या, उजवीकडे झुकलेल्या. सुमनच्या चकतीवर सोडला. रेषा डावीकडे.

हा पुरावा नव्हता. खरा पुरावा अजून मिळायचा होता. मी पिशवीतून माझ्या सात चकत्या काढल्या. कोणती कुठे वळवते याची यादी वहीत होती. वही मी बाहेर काढली नाही. "यांतल्या कोणत्या कोणी केल्या, सांगता येईल?"

अक्कांनी पाहिलेसुद्धा नाही. कडेवरून अंगठा फिरवत त्या एकेक चकती ठेवत गेल्या. "हाई मनी. हाई मनी. हाई तिनी, कड तिकडून मारेल शे. हाई मनी..." चार इकडे, तीन तिकडे. मी वही उघडली. यादी आणि ढीग एकाचाही फरक न पडता जुळले.

आठ महिने मी जे निर्वात पोकळीचे म्हणून मोजत होते, ते या दोन बायकांचे हात असण्याची शक्यता होती. ओसरीवर बसून मी आनंदी व्हावे की रडावे, हे मला ठरवता आले नाही. रहस्य सुटले होते, हे खरे. पण पीळ? तो या ओरखड्यांच्या खाली कुठेतरी होता, की कधी नव्हताच? ओरखडे आणि अक्ष यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले होते. सातही चकत्या त्याबद्दल काही बोलू शकत नव्हत्या. मला न पुसलेल्या चकत्या हव्या होत्या. मी अक्कांकडे तीन मागितल्या.

"नई," अक्का म्हणाल्या.

मी कारण सांगितले. विज्ञानाचे नाव सांगितले. काचेच्या साध्या पट्ट्या काढून म्हटले, या तुम्ही दोघी मनसोक्त पुसून द्या, पण तीन चकत्या मात्र तशाच. पट्ट्या त्यांनी लगेच पुसून दिल्या. काचेत अक्षच नसतो, तेव्हा त्यांवरचे वळण फक्त हातांचे असणार, हा माझा हिशेब होता. चकत्यांवर मात्र त्या अडून राहिल्या. "लोक म्हनतीन, अक्का घान माल धाडस."

"लोक नाहीत, अक्का. मी एकटीच बघणार आहे."

"तू लोक नई का?"

 तोडगा सुमनने काढला. तिने स्टीलचा एक डबा आणला, घमेल्यातले पाणी त्यात ओतले आणि चाकावरून उतरलेल्या तीन चकत्या त्यात सोडल्या. "पानीमा शे तवलोंग काम चालू शे," ती म्हणाली. "पुरा माल नई. काम चालू माल लई जाय ती."

अक्कांनी डब्याकडे पाहिले, जावेकडे पाहिले आणि शेवटी स्वतःच झाकण लावले. पुण्यापर्यंत पाण्यात राहून तो मऊ दगड किंचित झिजणार हे मला ठाऊक होते. त्या झिजेचा परिणाम काय, हे ठाऊक नव्हते. पण या क्षणी तडजोड मोडणे मला परवडणारे नव्हते.

धुळे स्थानकावरून मॅडमना फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "म्हणजे आपला पीळ खोटा आहे, अशी तुझी खात्री झाली?"

"नाही."

"मग खरा आहे?"

"तेही माहीत नाही. निबंध पाठवू नका, मॅडम."

"तो गट आपल्या पुढे जाईल, लक्षात येतंय ना?"

"हो."

 गाडी लागल्याची घोषणा झाली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डबा सांडू नकोस."

डबा मनमाडच्या आधीच थोडा सांडला. माझ्या वहीतली शाई पसरली आणि कंडक्टरने दोनदा विचारले, की आत मासे आहेत का.

पुणे

परत येऊन तीन आठवडे झाले आहेत. काचेच्या पट्ट्यांचा निकाल स्वच्छ लागला: अक्कांच्या हातच्या उजवीकडे वळवतात, सुमनच्या डावीकडे. मसुदा मी बाजूला ठेवला. न पुसलेल्या तीन चकत्यांपैकी दोन द्रवस्फटिकाला अगदी किंचित वळवतात, दोन्ही एकाच बाजूला, सिद्धान्त सांगतो त्या बाजूला. तिसरी काहीच करत नाही. तिच्यावर पाण्याने परिणाम केला, की पहिल्या दोन योगायोगाने जुळल्या, मला सांगता येत नाही. पूर्वी मला सात चकत्यांवरून खात्री होती. आता तीन चकत्यांवरून शंका आहे. यांतली कोणती अवस्था प्रगतीची, याबद्दल मॅडम आणि मी रोज वेगवेगळ्या मताच्या असतो.

परवा अक्कांचा फोन आला.

"आमनी चकती कशी निंघनी?"

"दोन चांगल्या निघाल्या, अक्का. एक नाही."

"मी सांगं व्हतं ना तुले. नई पुसी म्हनीसन. परत धाडी दे, पुसी देस."

"नको, अक्का. तशाच आणखी दहा हव्यात. पाण्यातल्या."

पलीकडे चाक फिरल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी फोन बाजूला धरून जावेला हाक मारली: "सुमन, मोठा डबा शे का आपलाकडे?"